मागे घेतलेलं विधेयक

माझा विषय सांगितला की समोरचा माणूस खूश होतो आणि तिथंच माझं डोकं फिरायला सुरुवात होते. "राज्यशास्त्राच्या प्राध्यापक? वा! मग यंदा आमच्यात कोण येणार?" सांगली-साताऱ्यात आपल्याला राजकारण कळत नाही असं कबूल करणारा माणूस मला अजून भेटायचाय. लग्नात अक्षता पडायच्या आधी, दातांच्या डॉक्टरकडं तोंड उघडं असताना, एकदा तर चुलत्यांच्या दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत नदीकाठी उभी असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. माझा अभ्यास निवडणुकीचा नाही, निवडून गेल्यावर आत सभागृहात काय होतं त्याचा आहे, असं मी सांगायचे. विधेयक कोण मांडतं, त्यावर कोण काय बोलतं, कुठलं कलम कुणाच्या हट्टापायी गळून पडतं, हे सगळं. त्यावर उत्तर ठरलेलं असायचं, "आत काय व्हतंय मॅडम, झोपत्यात की समदी!" मग सगळे हसायचे आणि मी दात-ओठ खात चहा प्यायचे.

माहेर रहिमतपूरचं. वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मुलगी कायद्यांवर पीएच.डी. करते म्हणजे वकील होणार असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. सभागृहातली जुनी भाषणं मी नुसती वाचत बसते हे कळल्यावर त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. मग म्हणाले, "वाचून झाल्यावर काय करायचं असतंय?" या प्रश्नाचं धड उत्तर मला निवृत्त होईपर्यंत देता आलं नाही. सांगलीच्या कॉलेजात मी शिकवत राहिले आणि प्रत्येक सुट्टीत मुंबईला जाऊन सभागृहाच्या कार्यवाहीचे खंड वाचत राहिले. सभागृहात जे बोललं जातं ते शब्दन् शब्द त्या जाड पुस्तकांत छापलेलं असतं. धुळीनं नाक बंद व्हायचं. शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची पोरं बसलेली असायची आणि या बाईंना एवढ्या वयात कुठली परीक्षा द्यायचीय, अशा नजरेनं बघायची.

त्यातून एक पुस्तक करायचं मी मनाशी धरलं होतं. जी विधेयकं साध्या सदस्यांनी स्वतःच्या हिमतीवर मांडली आणि ज्यांचा कायदा कधीच झाला नाही, त्यांचा इतिहास. मंत्री आणतात ते सरकारी विधेयक. बाकी कुणीही सदस्य आणतो ते अशासकीय. अशी विधेयकं बहुतेक वेळा मरतात, पण ती कशी मरतात हे मला महत्त्वाचं वाटत होतं. आमच्या प्राचार्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, "न झालेल्या कायद्यांचा इतिहास? अहो, झालेले काय कमी पडले का?" असल्या माणसांपुढं हात टेकण्याखेरीज दुसरं काय करणार?

पुस्तकाची सगळी प्रकरणं झाली, एक सोडून. ते प्रकरण आक्कांचं होतं.

आक्का म्हणजे आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माजी आमदार. मेंढपाळाच्या घरातल्या, जेमतेम सही करता येणाऱ्या, एकदाच निवडून गेलेल्या. आमदारकीच्या अगदी शेवटच्या अधिवेशनात त्यांनी एक विधेयक मांडलं होतं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडं, उसाच्या मुलखात आणि पुढं कोकणात उतरणाऱ्या माणसांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, आणि वाटेनं चाललेली मेंढरं पंचांसमोर नुकसान दाखवल्याशिवाय कुणी कोंडवाड्यात घालू नयेत, एवढीच मागणी. आक्कांचं भाषण मी वाचलं तेव्हा ग्रंथालयात उठून उभी राहिले होते. दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. मंत्री जरा अडखळतच बोलले होते. मतास टाकलं असतं तर विधेयक पुढं गेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मग सभागृह थोड्या वेळासाठी तहकूब झालं. पुन्हा भरलं तेव्हा आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, मी माझं विधेयक मागे घेते." बस्स. का, कशासाठी, एक अक्षर नाही.

त्यांच्या भागात याचा अर्थ एकच लावला गेला. बाई फुटली. कुणी म्हणे मंत्र्यानं जमीन दिली, कुणी म्हणे पोराला नोकरी लावली. ज्यांच्यासाठी विधेयक आणलं त्यांनीच पुढच्या निवडणुकीत आक्कांना पाडलं, आणि त्या पट्ट्यात आजही म्हातारी माणसं सांगतात, "आक्कानं आमची मेंढरं इकली." मला ते पटत नव्हतं. पण मला पटत नाही हा काही पुरावा नव्हे. तहकुबीच्या वेळात सभागृहाबाहेर काय घडलं हे जाणणाऱ्यांपैकी आक्का तेवढ्या जिवंत होत्या, आणि त्यांनी सांगितलं नाही तर माझ्या पुस्तकातही त्या विकल्या गेलेली बाई म्हणूनच राहणार होत्या. म्हणून मी आटपाडीचा रस्ता धरला आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात वैतागाची वर्षं सुरू झाली.

आक्कांना भेटायला गेलं की आक्का भेटत नाहीत, आक्कांचे चिरंजीव भेटतात. कालव्याचं पाणी आल्यापासून त्यांनी डाळिंबाच्या बागा उठवल्यात, मोठा बंगला बांधलाय आणि जिल्हा परिषदेची तयारी चालवलीय. दिवाणखान्यात चारी भिंतींना सोफे आणि सोफ्यांवर कायम माणसं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पोह्यांच्या बशा फिरल्या, चहा झाला, पुन्हा चहा झाला. मग चिरंजीवांनी हाक मारून आक्कांना बाहेर आणलं. बारीक, ताठ, डोईवर पदर, कपाळावर भंडाऱ्याचं पिवळं बोट. मी टेपरेकॉर्डर सुरू केला आणि विचारलं, "आक्का, तुम्ही विधेयक मागं घेतलंत, ते का?"

आक्कांनी तोंड उघडलं. तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "त्याचं आसं हाय मॅडम, आक्कांनी त्या काळात लय रस्तं आणलं."

"मी रस्त्यांचं विचारत नाही."

"आन पाझर तलाव," कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी भर घातली. "तलाव इसरू नका, दादा."

"आक्का," मी पुन्हा म्हटलं.

"आवं, आक्कांचं आता वय झालं," तिसरा म्हणाला. "आमी सांगतो की तुमाला. इचारा."

हा माणूस आक्का सभागृहात होत्या तेव्हा जन्मलाही नसावा! पण आमच्याकडं ही रीतच आहे. थोरामोठ्यांना बोलायचे कष्ट द्यायचे नाहीत, त्यांच्या वतीनं आपण बोलायचं, आणि त्यालाच मान म्हणायचं. त्यातून ती बाई असेल तर बघायलाच नको. आक्का माझ्याकडं बघत होत्या, पोराकडं बघत होत्या, आणि शेवटी नुसतं म्हणाल्या, "चा घेतला का?"

मग माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. मी मुलाखत घ्यायला आले होते, सत्कार घ्यायला नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं तर त्यात पेढा घातला गेला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तो फोटो सगळ्या मोबाइलांवर फिरला होता. खाली मजकूर होता की ज्येष्ठ विचारवंत प्राध्यापिकांनी दादांच्या कार्याला शुभेच्छा दिल्या. कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन येऊ लागले, "काय हो, पक्षप्रवेश कधी?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरीही मी पुन्हा गेले. या खेपेला हुशारी केली आणि दुपारची वेळ धरली, माणसं जेवायला गेलेली असतील म्हणून. माणसं जेवायलाच तिथं आली होती. सुनेनं मला आत नेलं तेव्हा वाटलं, चला, बायकांत तरी बोलता येईल. आत मला पाटावर बसवून माझी ओटी भरली गेली, खण, नारळ, तांदूळ. आक्का समोरच बसल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "आक्का, त्या विधेयकाचं..." तर सून लाजल्यासारखी म्हणाली, "राजकारणाचं भाईर बोला की मॅडम. दादा हाईत भाईर." बाहेर दादा, आत दादांचा धाक. मधल्या चौकटीत उभं राहून किंचाळावं असं मला वाटलं.

त्यानंतर तर कहरच झाला. चिरंजीवांचा फोन आला की आपण रीतसर मुलाखत ठेवू. मी भाबडेपणानं होकार दिला. गेले तर शाळेच्या पटांगणात मांडव, ध्वनिक्षेपक, आणि माझ्या डोक्याएवढा माझा फोटो छापलेला फ्लेक्स. एका साखर कारखान्याचे कुणी संचालक अध्यक्षस्थानी. त्यांनी पाऊसपाण्यापासून सुरुवात करून जे भाषण केलं ते ऊन उतरेपर्यंत संपलं नाही. मला प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी तोच विचारला. आक्कांसमोर माइक धरला गेला. आक्कांनी एकवार समोरच्या गर्दीकडं नजर फिरवली. मागच्या बाजूला फेटेवाले म्हातारे बसले होते, त्यांनीच कधीकाळी आक्कांना पाडलं होतं. आक्का म्हणाल्या, "मला काय बोलायचं न्हाई." टाळ्या पडल्या! नम्रता म्हणून टाळ्या. सूत्रसंचालक म्हणाला, याला म्हणतात साधेपणा.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. प्रकरण तसंच सोडायचं, खाली एक तळटीप टाकायची, 'कारण उपलब्ध नाही', आणि पुस्तक प्रकाशकाच्या हवाली करायचं. प्रकाशकही बिचारा वैतागला होता. असल्या पुस्तकाची वाट बघणारा तो एकटाच होता, आणि त्याचाही धीर सुटत चालला होता.

यंदा दिवाळी झाल्यावर मी आटपाडीला गेले ती शेवटची म्हणून, पुस्तकासाठी नेलेला आक्कांचा एक जुना फोटो परत द्यायला. चिरंजीव गडबडीत होते. कुठल्याशा मेळाव्याला सगळ्या गाड्या गेल्या होत्या आणि आक्कांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गाडीकडं. "मॅडम, तुमी सांगलीलाच चाललाय न्हवं? आक्कांना तेवढं मिरजेत सोडा की. दवाखान्याच्या दारात आमची भैन उभी आसंल." एवढी वर्षं मी या घराचे उंबरे झिजवले, शाली गोळा केल्या, आणि यांना मी ड्रायव्हर म्हणून आठवले. मी फाडकन काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात आक्का आपली पिशवी घेऊन गाडीचं पुढचं दार उघडून बसल्यासुद्धा.

भिवघाट उतरून आम्ही तासगावच्या वाटेला लागलो. खरं सांगायचं तर मी रागात होते, आणि विचारून पुन्हा 'चा घेतला का' ऐकायची माझी तयारी नव्हती. आक्काच बोलल्या.

"तुमी किती बारी आला ओ, बाई. मला लय वाईट वाटायचं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? त्यानं सांगू नगा म्हनलं हुतं. त्यो तर कवाच गेला. औंदा त्याची बायकूबी गेली. आता बोलाय हरकत न्हाई."

तो म्हणजे मंत्री. मी गाडीचा वेग कमी केला. आक्का समोर रस्त्याकडं बघत सांगू लागल्या. सभागृह तहकूब झालं तेव्हा मंत्र्यानं त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. म्हणाला, आक्का, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण साध्या सदस्याचं विधेयक पास झालं तर सरकारची अब्रू जाते, माझी माणसंच मला खातील. तुम्ही आज मागं घ्या. पुढल्या अधिवेशनात मी सरकारी विधेयक म्हणून तेच आणतो, ते कुणी अडवणार नाही. फक्त या खोलीतलं बोलणं कधी कुठं काढू नका.

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?" माझा आवाज चढला. या प्रकारच्या खासगी आश्वासनांवर मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांचं डोकं खाल्लंय. सभागृहात दिलेल्या आश्वासनाची नोंद होते, त्याचा जाब विचारता येतो. खोलीत दिलेलं आश्वासन म्हणजे हवा.

"तसा न्हाई ठेवला," आक्का म्हणाल्या. "मी काय एवढी खुळी न्हवं. माझ्या कनवटीला बिरोबाचा भंडारा आसतोय कायम. मी पुडी सोडली, त्याच्या म्होरं धरली. म्हनलं, उचल. त्यानं उचलला, बाई. कपाळाला लावला आन म्हनला, आनतो."

मी गाडी बाजूला घेतली. माझ्यानं चालवेना.

भंडारा उचलला म्हणजे बिरोबाची शपथ झाली, विषय संपला. मेंढपाळांच्या घरांत वाटण्या त्याच्यावर होतात, सोयरिकी त्याच्यावर ठरतात, आणि उचललेल्या भंडाऱ्याबद्दल पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्यावर नव्हे, देवावरच शंका घेणं. आक्कांनी म्हणून कधी विचारलं नव्हतं. त्यांची आमदारकी संपली, पुढच्या सभागृहात त्या नव्हत्या. मंत्री मात्र पुन्हा निवडून आला, पुन्हा मंत्री झाला. गावानं विकली गेलेली बाई म्हटलं ते त्यांनी ऐकून घेतलं, कारण कायदा झाल्यावर लोकांना आपोआप कळेल असा त्यांचा हिशेब होता.

"पण आक्का, मेंढरं तर अजून कोंडतात. दर वर्षी कोंडतात."

"व्हय की. पर कायदं पाळतंय कोण हितं?" त्यांनी माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं बघितलं. "हुंड्याचा कायदा हाय, पाळत्यात का? मी आपलं धरून चालले, कायदा झाला आसंल, मानत न्हाईत. आमची माणसं निघाली की मी दर साली सांगती. आडवलं तर भ्या‍यचं न्हाई, म्हणायचं, आमच्या बाजूनं कायदा हाय."

आणि ती माणसं तसं म्हणत असणार. कुठल्या तरी उसाच्या बांधावर काठ्या घेऊन उभ्या राहिलेल्या गावापुढं एखादा म्हातारा म्हणत असणार, कायदा हाय. मला त्या मंत्र्याचा इतका संताप आला की तो मेलाय याचासुद्धा राग आला. त्याच्या जन्मशताब्दीच्या स्मरणिकेत मी लेख लिहिला होता. अभ्यासू मंत्री म्हणून.

आक्कांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि माझ्याकडं वळून बसल्या. "तुमी ती समदी पुस्तकं वाचलीया म्हनं. म्हणून इचारती. पुढल्या अधिवेशनात आनलं का त्यानं?"

मी ती सगळी वाचली होती. तो मंत्री होता तोवरचं एकूण एक अधिवेशन. एक पानही सोडलं नव्हतं, याचा मला गर्व होता.

"नाही, आक्का."

"त्याच्या पुढल्या?"

"नाही."

"मग कवा?"

"कधीच नाही. तो विषयच पुन्हा निघाला नाही."

त्या रडतील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या रडल्या नाहीत. कपाळावरचं पिवळं बोट त्यांनी पदरानं पुसायला घेतलं, मग अर्ध्यावर हात थांबवला आणि तो तसाच मांडीवर ठेवला. बाहेर द्राक्षांच्या बागेवर औषधाची फवारणी चालली होती, त्याचा वास गाडीत आला. मी काच वर केली.

"मग मी काय मागं घेतल्यालं न्हाई," आक्का म्हणाल्या. "त्यानं आनायचं म्हणून मी दिलं हुतं. त्यानं आनलं न्हाई, म्हंजी ते माझंच हाय आजून. तसं लिवा तुमच्या पुस्तकात."

"आक्का, तसं लिहिता येत नाही हो. तिथं छापलंय, मागं घेतलं म्हणून. तुमच्याच तोंडचं वाक्य आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ द्या तुमचं पुस्तक. मला एवढंच सांगा. ते पुन्यांदा मांडायचं म्हटलं तर आता कुणाला भेटाय लागंल? डोळ्याचं उरकलं की मी जाऊन येती मुंबईला."

वयाची नव्वदी जवळ आलेली बाई मला हे विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबली होती. आमच्या दोन जिल्ह्यांतले सगळे आमदार मी मनात एकेक करून आठवले. कुणाचं काय भाषण झालंय, कोण कधी बोललंय, कोण कधीच बोललेलं नाही, सगळं मला पाठ होतं. मी पुन्हा पहिल्यापासून आठवू लागले. सांगावं असं एकही नाव तोंडावर येईना, तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून मीच रडायला लागले.